स्प्रिंट संपला, बोर्ड हिरवा; मग नळाला पाणी का नाही?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची सभा दरवर्षी टँकरवरून तापते. गेल्या वर्षी सेक्रेटरींनी मोठ्या अभिमानाने अहवाल वाचला. टँकर किती मागवले, एकही दिवस खाडा नाही, बिलं वेळेवर चुकती, गाडी उशिरा आली तर वॉचमनच्या वहीत वेळेसकट नोंद. चोख कारभार. तेवढ्यात बी विंगच्या चौदाव्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "टँकर मोजलेत, छान केलंत. माझ्या नळाला पाणी किती तास आलं, ते कुठल्या वहीत आहे?"

सभा गप्प. ते कुठल्याच वहीत नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं ऐरोलीच्या एका आयटी पार्कात काम करते. काकूंचं ऐकून मला हसू आवरेना, कारण त्याच आठवड्यात ऑफिसात आमचाही हाच वाद चालला होता, फक्त शब्द इंग्रजी होते. सभा संपल्यावर शेजारच्या काकांनी लिफ्टपाशी गाठलं. त्यांची हयात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, क्वालिटी खात्यात गेली. "अगं, आमचा नातू घरून काम करतो. दिवसभर स्प्रिंट, स्टँडअप, व्हेलॉसिटी असलं काहीतरी कानावर पडतं. आता म्हणतो, कंपनीने एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंट आणलंय, सगळे टेन्शनमध्ये आहेत. तुम्ही लोक नक्की करता काय?"

काकांना लिफ्टपाशी जे सांगितलं ते अर्धवट होतं. हे पूर्ण उत्तर.

आधी शब्दांचा हिशेब

पूर्वी सॉफ्टवेअर इमारतीसारखं बांधायचे. आधी अख्खा नकाशा, मग पाया, मग भिंती, आणि दीड-दोन वर्षांनी हातात चावी. तोवर चावी घेणाऱ्याची गरजच बदललेली असायची. या त्राग्यातून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आहेत, बारा तत्त्वं आहेत. मथितार्थ असा की थोडं थोडं बनवा, वापरणाऱ्याला लवकर दाखवा, तो काय म्हणतो ते ऐकून पुढचं ठरवा. या वृत्तीला ॲजाइल म्हणतात.

वृत्ती रोजच्या कामात उतरवायची तर काही नियम लागतात. असे नियम घालून देणाऱ्या चौकटींमधली सगळ्यांत चालती चौकट म्हणजे स्क्रम. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिताना, नवं उत्पादन घडवणाऱ्या टीमला रग्बीच्या संघाची उपमा दिली होती. पुढे १९९५ मध्ये जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी स्क्रम जाहीरपणे मांडलं. स्क्रम हा रग्बीतलाच शब्द. ठाण्यात जन्मली असती तर या पद्धतीचं नाव नक्कीच 'थर' पडलं असतं. खालच्याने खांदा हलवला तर वरचा पडतो, हे आपल्याकडे गोकुळाष्टमीला शेंबडं पोरही सांगतं.

नियम फार नाहीत. टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची. काम स्प्रिंट नावाच्या ठरावीक मुदतीत करायचं. ती महिन्याच्या आत, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांची. रोज पंधरा मिनिटं टीमने एकत्र येऊन आज काय अडलंय ते बघायचं. काकांच्या नातवाचा स्टँडअप तो हाच. स्प्रिंटच्या शेवटी बनलेली वस्तू संबंधित लोकांना दाखवायची, याला रिव्ह्यू म्हणतात. आधी काय करायचं हे ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर. पद्धत नीट चालते ना, हे बघणारा स्क्रम मास्टर. बरेच लोक त्याला मुकादम समजतात. मी स्वतः हे काम करते, त्यामुळे तो गैरसमज रोज भोगते.

स्क्रमच्या मूळ मार्गदर्शिकेत तीन खांब सांगितलेत: सगळं उघड्यावर ठेवा, तपासत राहा, तपासणीत जे दिसेल त्याप्रमाणे वळा. म्हणजे पुरावा बघून चालायचं, हे स्क्रमच्या पोटातच होतं. मग वेगळं एव्हिडन्स बेस्ड, म्हणजे पुराव्यावर आधारित, काहीतरी आणायची वेळ का आली?

एक टीम सोपी, बारा टीमा अवघड

एक उदाहरण घेऊ, शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, एक आरोग्य विम्याची कंपनी आहे. तिच्या ॲपवरून क्लेम टाकता येतो. ॲपच्या मागे बारा टीमा: एक लॉगिन सांभाळते, एक कागदपत्रं अपलोड करण्याचा भाग, एक हॉस्पिटलांशी जोडणी, एक पैसे देण्याची यंत्रणा, वगैरे. प्रत्येक टीम स्क्रम नीट पाळते. पण कागदपत्रांच्या टीमने रकाना बदलला आणि पैशांच्या टीमला पत्ताच नाही, असं दर महिन्याला होतं.

यासाठी मोठ्या चौकटी आल्या. केन श्वाबर यांची नेक्सस, साधारण तीन ते नऊ टीमा एकाच उत्पादनावर काम करत असतील तर. क्रेग लारमन आणि बास व्होडे यांची लेस. डीन लेफिंगवेल यांची सेफ, जी मोठ्या कंपन्यांत बरीच दिसते. तिच्यात ५० ते १२५ माणसांच्या गटाला रिलीज ट्रेन म्हणतात आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या कामाचं नियोजन सगळे एकत्र बसून करतात. त्या नियोजनात कोणाचं काम कोणावर अवलंबून आहे हे दाखवायला भिंतीवर लाल दोरे ताणायची पद्धत आहे. दोऱ्यांचं ते जाळं एकदा समोर उभं राहून बघितलं की आपली कामं वेळेवर का होत नाहीत, हे कोणी वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

या चौकटींवर आयटीवाल्यांची कडाक्याची भांडणं होतात. मला त्यात रस उरलेला नाही. कारण कुठलीही घ्या, ती सांगते ते हे की काम कसं चालवायचं. त्या कामाचा क्लेम टाकणाऱ्या माणसाला उपयोग झाला का, हे चौकट आपोआप सांगत नाही. टँकर शिस्तीत येतात, एवढीच तिची हमी.

व्हेलॉसिटी नावाची वही

टीमा काहीच मोजत नाहीत असं नाही. उलट फार मोजतात. कामाच्या तुकड्याला स्टोरी म्हणतात आणि ते काम किती जड आहे याचा अंदाज म्हणून त्याला पॉइंट देतात: १, २, ३, ५, ८, १३ असे. एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटांचं काम पुरं झालं, ती त्या टीमची व्हेलॉसिटी. मुळात हा टीमचा स्वतःपुरता अंदाज, पुढच्या स्प्रिंटला किती काम उचलावं यासाठी. आपल्या घरच्या वाटीसारखा. माझ्या घरी दोन वाट्या तांदळात चौघं जेवतात, तुमच्या घरची वाटी वेगळी. दोन घरच्या वाट्यांची तुलना करून कोण जास्त जेवतं हे ठरवायला गेलं तर लोक हसतील.

ऑफिसात कोणी हसत नाही. मी पूर्वी जिथे होते तिथे एका वरिष्ठांनी सगळ्या टीमांची व्हेलॉसिटी एका तक्त्यात मांडली आणि वार्षिक रेटिंगला जोडली. दुसऱ्याच स्प्रिंटमध्ये जे काम ३ पॉइंटांचं होतं ते ५ चं झालं, ५ चं ८ चं झालं. कोणी कट केला नाही, कोणी खोटं बोललं नाही. अंदाज करताना सगळ्यांचा हात थोडा सैल सुटला, इतकंच. तीन महिन्यांत तक्त्यातले सगळे बाण वर गेले, कामांची स्थिती दाखवणारा बोर्ड हिरवागार झाला, केक कापला गेला. ग्राहकाच्या तक्रारींचा ढीग होता तेवढाच राहिला. केक मात्र चांगला होता.

याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना जे मांडलं, त्याचा बोलीतला अर्थ असा: एखादं माप हेच लक्ष्य करून टाकलं की ते माप म्हणून बाद होतं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "यात नवीन काय? आमच्याकडे रिजेक्शन कमी दाखवायचं ठरलं की रिजेक्टेड माल रीवर्कच्या रकान्यात जायचा." स्टोरी पॉइंट ही कल्पना कदाचित आपणच काढली असावी आणि काढली असेल तर आता वाईट वाटतं, असं रॉन जेफ्रीज यांनी लिहून ठेवलंय. हे २००१ च्या त्या १७ जणांपैकीच एक.

आयटीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत: आउटपुट आणि आउटकम. टँकर हे आउटपुट. नळाचं पाणी हे आउटकम. व्हेलॉसिटी, किती फीचर दिली, किती तास भरले, ही सगळी टँकरची वही.

पुराव्याची भाषा डॉक्टरांकडून आली

पुराव्यावर आधारित हा शब्दप्रयोग वैद्यकशास्त्रातून गाजला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले डॉक्टर गॉर्डन गायट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आग्रह धरला की औषध द्यायचं ते ज्येष्ठांनी सांगितलं म्हणून नाही, तर त्याने रुग्ण बरे होतात याचा तपासलेला पुरावा बघून. पुढे तीच दृष्टी इतर क्षेत्रांत गेली. केन श्वाबर यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेने तिला सॉफ्टवेअरपुरतं एक ठोस रूप दिलं आणि तेच एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंट, थोडक्यात ईबीएम.

ईबीएम म्हणतं, चार दिशांनी बघा. विमा कंपनीच्या उदाहरणावरच लावून बघू.

पहिली दिशा, आज लोकांना काय मिळतंय. क्लेम टाकल्यापासून खात्यात पैसे पडेपर्यंत माणूस किती दिवस थांबतो, ॲपवर किती लोक समाधानी आहेत, काम करणारे लोक खूश आहेत का. हो, कर्मचाऱ्यांचं समाधानही यातच धरलंय, हे वरच्या लोकांना बऱ्याचदा माहीत नसतं.

दुसरी, काय मिळू शकलं असतं पण मिळत नाही. लोकांना हवं ते आणि मिळतं ते यातली दरी. ज्यांनी क्लेम अर्ध्यावर सोडून शेवटी एजंटला फोन केला, ते लोक इथे मोजायचे. समाधानी ग्राहकांच्या सर्व्हेत ते कधीच सापडत नाहीत.

तिसरी, कल्पनेपासून माणसाच्या हातात पोहोचायला किती वेळ लागतो. चौथी, नवं काही करायची ताकद किती उरलीय. टीमचा निम्मा वेळ जुन्या बिघाडांची डागडुजी करण्यात आणि या कामावरून त्या कामावर उड्या मारण्यात जात असेल तर बोर्ड कितीही हिरवा असो, ती टीम गळकी टाकी भरत बसलीय.

यातली कुठलीही एकच दिशा धरली तर फसगत होते. आज सगळे समाधानी आहेत, पण नवं करायची ताकद शून्यावर आलीय, ही कंपनी दोन वर्षांनी रडणार. उलट तिसऱ्या-चौथ्या दिशेचे आकडे झकास, रोज नवं काही बाहेर पडतंय, पण लोकांना मिळतंय काय ते कोणी बघत नाही: ही कंपनी आजच वाऱ्यावर आहे.

दोन्ही जोडायचं म्हणजे सोमवारी सकाळी काय करायचं

इथे बहुतेक कंपन्या घसरतात. मोजमाप एका खात्याकडे आणि स्क्रम दुसऱ्याकडे देतात. मोजणारे लोक तिमाहीला एकदा रंगीत स्लाइड दाखवतात, टीमा आपले स्प्रिंट मारत राहतात, आणि दोघांची गाठ कॅन्टीनमध्येच पडते.

खरी जोड तीन ठिकाणी लागते.

पहिलं, ध्येयाच्या पायऱ्या. ईबीएममध्ये तीन पायऱ्या असतात. लांबचं ध्येय: समजा, क्लेमचे पैसे रुग्ण घरी पोहोचायच्या आत मिळावेत. मधलं ध्येय: येत्या काही महिन्यांत साध्या क्लेमचा वेळ निम्म्यावर आणावा. जवळचं ध्येय: या एक-दोन स्प्रिंटमध्ये, कागद अस्पष्ट म्हणून परत जाणारे क्लेम कमी करावेत. शेवटची पायरी टीमच्या हातातली, आणि स्प्रिंटचं ध्येय तिच्यातूनच यायला हवं. वरून नुसती "अमुक फीचर द्या" अशी यादी आली तर मधली पायरी गायब असते आणि टीमला जिना चढायचा सोडून उडी मारायला सांगितलेलं असतं.

दुसरं, कामाची नोंद करायची भाषा. अपलोडच्या पानावर कॅमेऱ्याची चौकट दाखवणं, हे झालं काम. त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहायच्या. आम्हाला वाटतं की चौकट दिसली तर लोक फोटो नीट काढतील. खरं असेल तर दोन आठवड्यांत परत जाणाऱ्या कागदांचं प्रमाण उतरलेलं दिसेल. बस. या दोन ओळींनी कामाची पैज होते, आणि पैज हरता येते. माझ्या टीमने पहिल्यांदा असं लिहायला घेतलं तेव्हा निम्म्या कामांखाली दुसरी ओळ सुचेचना. म्हणजे ती कामं आपण का करतोय हेच कोणाला सांगता येईना. त्यातली काही आम्ही त्याच दिवशी काढून टाकली. आजवर कुठल्याही चौकटीने माझे इतके तास वाचवलेले नाहीत.

तिसरं, रिव्ह्यू. स्प्रिंटच्या शेवटी डेमो दाखवून टाळ्या घेण्याआधी, मागच्या स्प्रिंटमध्ये लावलेल्या पैजांचं काय झालं ते बघायचं. आकडा हलला का? हलला नसेल तर पुढच्या कामांची यादी तशीच का ठेवायची? इथे थोडा धीर लागतो, कारण सगळे आकडे दोन आठवड्यांत बोलत नाहीत. विम्याचं नूतनीकरण वर्षातून एकदा होतं. लोक टिकले की गेले, हे कळायला वर्ष जातं. म्हणून जवळच्या ध्येयासाठी लवकर हलणारा आकडा निवडायचा, आणि तो खरंच लांबच्या आकड्याला ओढतोय का हे अधूनमधून तपासायचं. ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नसतं, पण थर्मामीटर रोज लावता येतो.

गाडीत दहा मिनिटं, प्रवास सव्वा तास

अख्ख्या संस्थेत मोजायचं कशासाठी, प्रत्येक टीमने आपापलं मोजलं तर पुरत नाही का? याचं उत्तर मला रोज सकाळी मिळतं.

घरून निघते. रिक्षा किंवा बस मिळेपर्यंत थांबते, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रखडते, ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीबरोबर सरकते, १० नंबरवर ट्रान्स-हार्बर लोकलची वाट बघते. गाडीत बसल्यावर ऐरोली दहाएक मिनिटांत येतं. उतरून पुन्हा शेअर रिक्षाची रांग. एकूण सव्वा तास. आता रेल्वेने गाडीचा वेग वाढवून दहाची आठ मिनिटं केली तर रेल्वेच्या तक्त्यात मोठी सुधारणा दिसेल, आणि मी ऑफिसात पोहोचेन त्याच वेळी, कारण माझा वेळ गाडीत जातच नव्हता.

क्लेमचंही असंच. बारा टीमांपैकी प्रत्येकीने आपला भाग वेगवान केला, तरी क्लेम जर दोन टीमांच्या मधल्या रांगेत पडून राहत असेल, तर माणसाला फरक कळत नाही. रांग कुठल्याच टीमची नसते, त्यामुळे ती कुठल्याच टीमच्या बोर्डवर नसते. ती बघायची तर एक क्लेम हातात धरून त्याच्याबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत जावं लागतं.

यातलं गणित सोपं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं: सरासरी थांबायचा वेळ म्हणजे आत अडकलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं. समजा, ३०० क्लेम आत आहेत आणि रोज ३० सुटतात, तर सरासरी १० दिवस. आत १५० च ठेवले तर तेवढ्याच माणसांनी, तेवढ्याच वेगाने ५ दिवसांत काम होतं. एका वेळी कमी कामं हातात घ्या, असं स्क्रमवाले का सांगतात ते इथे कळतं. वरच्यांना मात्र हे पटवणं कठीण, कारण त्यांना वाटतं जास्त कामं सुरू केली की जास्त कामं संपतात. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ब्लाउजवाल्या शिंप्याला विचारा.

सॉफ्टवेअर बाहेर काढण्यापुरती काही मापं आता बऱ्यापैकी रुळलीत. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या अभ्यासातून चार मापं पुढे आली: नवा बदल किती वेळा बाहेर पडतो, लिहिल्यापासून वापरात यायला किती वेळ लागतो, किती बदल बिघाड करतात, आणि बिघडल्यावर सावरायला किती वेळ जातो. पहिली दोन वेगाची, पुढची दोन भरवशाची. नुसती पहिली दोन लावली तर काय होईल हे घोडबंदरला बाइक चालवणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

म्हणजे शेवटी पाळतच ठेवणार ना?

नातवाचं टेन्शन यावरूनच होतं, आणि ते खोटं नाही. आकडे हातात आले की माणसं मोजायचा मोह होतो. माझं मत सरळ आहे: ज्या दिवशी यातला एकही आकडा कोणाच्या रेटिंगला जोडला जाईल त्या दिवसापासून तो आकडा वाचू नका, कारण तो केकवाल्या तक्त्यासारखाच होणार. हे आकडे उत्पादनाचे आहेत, माणसाचे नाहीत. टीमा एकमेकींशी नाही, स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडून बघायच्या.

मग कामचुकार माणसाचं काय, असं काकांनी विचारलं. दहा जणांच्या टीमला तो पंधरा दिवसांत कळतो, त्यासाठी डॅशबोर्ड लागत नाही.

आम्ही तर परदेशी क्लायंटचं काम करतो

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या कित्येक टीमा दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी राबतात. करार माणसांवर आणि तासांवर असतो. क्लेम टाकणारा माणूस कुठल्या तरी दूरच्या शहरात, त्याचा आकडा क्लायंटकडे, आणि क्लायंट तो दाखवायला बांधील नाही. आउटकम मोजायचं कुठून?

पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. करार टँकरवर असेल तर टँकरच मोजले जाणार. पण दोन गोष्टी करता येतात. तिसरी आणि चौथी दिशा, म्हणजे पोहोचायचा वेळ आणि नवं करायची ताकद, यांचे आकडे आपल्याच हातात असतात. ते मोजायला परवानगी लागत नाही. आणि रिव्ह्यूत क्लायंटच्या माणसाला दर वेळी एकच प्रश्न विचारता येतो: मागच्या वेळी जे दिलं ते किती लोकांनी वापरलं? पहिल्या दोन-तीन वेळा तो गडबडतो. आमच्याकडे चौथ्या वेळी तो आकडा घेऊनच आला, कारण दर वेळी माहीत नाही म्हणायची त्यालाच लाज वाटायला लागली होती.

आता कोड एआय लिहितो, मग?

उलट आता हे जास्त निकडीचं झालंय. कोड लिहायला मदत करणारी एआय साधनं आल्यापासून आउटपुट स्वस्त झालंय. ओळी, फीचर, स्टोरी, सगळं भराभर वाढू शकतं. टँकर फुकट मिळायला लागल्यासारखं. अशा वेळी टँकरची वही जाडजूड होणार आणि तिचा अर्थ आणखी पातळ होणार. शिवाय लिहिलेला कोड तपासायला माणूस लागतोच; म्हणजे रांग लिहिण्यापासून तपासणीकडे सरकते. रांग बघायची सवय नसलेल्या संस्थेला वाटत राहणार की सगळं दुप्पट वेगाने चाललंय.

आकडा साहेबांच्या मताविरुद्ध गेला तर?

जातो. बऱ्याचदा जातो. वरच्या माणसाने महिनोन्‌महिने जी कल्पना लावून धरली ती कोणी वापरतच नाही, असं दिसतं. अशा वेळी पद्धत कामाला येत नाही, आधी ठरवलेली एक ओळ कामाला येते: अमुक आठवड्यांत अमुक आकडा हलला नाही तर थांबायचं. ही ओळ काम सुरू व्हायच्या आधी, साहेबांच्या समोर, शक्यतो साहेबांच्याच हाताने लिहून घ्यायची. नंतर लिहिलेल्या ओळीला भांडण म्हणतात.

सोसायटीतही तसंच झालं. सभेनंतर काकूंनी स्वतःच एक वही घातली. सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं. सेक्रेटरींना ते फारसं रुचलं नाही, पण काकांनी क्वालिटी खात्यातला जुना हात दाखवला आणि शेजारी वॉचमनची टँकरची वही उघडून ठेवली. तीन आठवड्यांच्या नोंदी ओळीने लावल्यावर दिसलं की टँकर दोन आले काय आणि चार आले काय, चौदाव्या मजल्यावरचं पाणी जायची वेळ बदलतच नव्हती. मग प्लंबरला गच्चीवर पाठवलं. बी विंगच्या टाकीतला फ्लोट स्विच अडकला होता. टाकी अर्धी भरली की पंप बंद पडायचा. खालची टाकी काठोकाठ, वरची अर्धी.

स्विच तासाभरात बदलून झाला. टँकरचा करार मात्र जूनपर्यंतचा होता, त्यामुळे ते वेळेवर येत राहिले, आणि वॉचमन त्यांची वेळेसकट नोंद करत राहिला.